प्रकाशाची लाइनदोरी: न पसरणाऱ्या लेसर झोताविषयी वाचकांचे प्रश्न

भिंगे आणि आरसे एका अक्षावर बसवण्यासाठी, म्हणजेच अलाइनमेंटसाठी, बेसल झोत (ठरावीक अंतरापर्यंत न पसरणारा लेसर झोत) कसा वापरायचा, याविषयी आलेल्या पत्रांपैकी आठ प्रश्न इथे घेतले आहेत. आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून सगळ्या उत्तरांत शक्यतो एकच उदाहरण ठेवले आहे: ६३२.८ नॅनोमीटरचा हीलियम-निऑन लेसर आणि बीके-७ काचेचा ॲक्सिकॉन, म्हणजे शंकूच्या आकाराचे भिंग. त्याचा पायाकोन, म्हणजे शंकूची बाजू आणि सपाट पाया यांतला कोन, ०.५ अंश आहे आणि वापरात येणारी त्रिज्या १२ मिमी.

प्रश्न: प्रकाश म्हटला की विवर्तन, म्हणजे लाटांसारखे पसरणे, आलेच. मग ‘न पसरणारा’ झोत म्हणजे नेमके काय? आणि अलाइनमेंटला साधा लेसर का पुरत नाही?

‘पसरत नाही’ हे ठरावीक अंतरापुरतेच खरे आहे. ते अंतर किती, हे आधी काढल्याशिवाय कामाला हात घालू नये.

ॲक्सिकॉनमधून बाहेर पडणारे सगळे किरण अक्षाकडे एकाच कोनात झुकलेले असतात. आपल्या उदाहरणात हा कोन (अपवर्तनांक वजा १) गुणिले पायाकोन, म्हणजे ०.५१५ × ०.५ अंश, साधारण ४.५ मिलिरेडियन येतो. चहूबाजूंनी आलेले हे किरण अक्षावर समकलेत, म्हणजे लाटांचे चढ-उतार जुळून, भेटतात आणि तिथे एक तेजस्वी गाभा तयार होतो. त्याच्याभोवती एकात एक वलये दिसतात. पुढच्या मिलिमीटरवर ॲक्सिकॉनच्या थोड्या बाहेरच्या भागातून आलेले किरण भेटतात आणि अगदी तसाच गाभा करतात. म्हणजे तोच प्रकाश पुढे सरकत नसतो. बाहेरून नवा प्रकाश येत राहतो आणि गाभा जागोजागी नव्याने घडतो. बाहेरचा प्रकाश संपला की गाभाही संपतो.

गाभ्याची त्रिज्या, म्हणजे मध्यापासून पहिल्या काळ्या कड्यापर्यंतचे अंतर, ०.३८३ × तरंगलांबी ÷ कोन असते. ती इथे ५४ मायक्रॉन येते. गाभा टिकण्याचे अंतर म्हणजे ॲक्सिकॉनची त्रिज्या ÷ कोन, इथे सुमारे २.६७ मीटर. साध्या लेसर झोताची कंबर, म्हणजे सर्वांत बारीक जागा, ५४ मायक्रॉन त्रिज्येची केली, तर त्याचे रॅले अंतर (ज्यानंतर झोत ठळकपणे पसरू लागतो ते) जेमतेम १४.५ मिमी भरते. एवढा फरक पडतो. त्याची किंमतही मोजावी लागते. या झोतात प्रत्येक वलयात साधारण गाभ्याएवढीच शक्ती असते आणि निम्म्या अंतरावर अशी ८५ च्या आसपास वलये असतात. म्हणजे गाभ्याच्या वाट्याला तिथल्या प्रकाशाचा जेमतेम एक टक्का येतो.

पण अलाइनमेंटच्या दृष्टीने बारीकपणापेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. गाभ्याची जागा प्रकाशाच्या तीव्रतेवर नाही, कलेवर, म्हणजे लाटांचे चढ-उतार कुठे जुळतात यावर, ठरते. साध्या झोताचा मध्य काढताना धूळ, अर्धवट कापलेली कड, तिरका उजळपणा, सगळे त्यात मिसळते. बेसल झोतात एका बाजूचा प्रकाश निम्मा केला तर वलये फिकट आणि एकांगी होतात, पण गाभा जवळपास जागचा हलत नाही. ॲक्सिकॉनचे केंद्र आणि येणाऱ्या प्रकाशाची दिशा, या दोनच गोष्टी ती रेषा ठरवतात. गवंडी दोन खुंट्यांना लाइनदोरी बांधतो, तसेच हे. खुंट्या हलल्या नाहीत तर दोरी हलत नाही.

याचा पुढचा फायदा असा की हा गाभा भिंगांतून आणि आरशांवरून जाताना एकाच किरणासारखा वागतो. कागदावर अक्षाजवळच्या किरणाचा मार्ग काढतो, तसाच त्याचा मार्ग काढता येतो. खालच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचा पाया हाच आहे.

प्रश्न: असा झोत तयार करायला काचेचा ॲक्सिकॉन घ्यावा, की ग्रेटिंग, की गोल फट? आमच्याकडे तिन्हींबद्दल मतभेद आहेत.

गोल फट बाजूला ठेवा. १९८७ साली डर्निन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भिंगाच्या नाभीपातळीत बारीक कड्याच्या आकाराची फट ठेवून हा झोत दाखवला. शिकवण्यासाठी ती रचना उत्तम आहे, पण फटीबाहेरचा सगळा प्रकाश वाया जातो.

काचेचा ॲक्सिकॉन जुना आहे. मॅक्लाउड यांनी १९५४ साली त्याचे वर्णन केले आणि हे नावही त्यांनीच दिले. तो जवळजवळ सगळा प्रकाश वापरतो, त्यामुळे गाभा कागदावर डोळ्यांनी दिसतो. त्याचे दोष दोन. एक, टोक कधीच सुईसारखे नसते, गोलसर असते. दुसरा, शंकूचा अक्ष मागच्या सपाट पृष्ठाला तंतोतंत लंब नसतो. हा कल १ कलामिनिट (अंशाचा साठावा भाग) असला तरी रेषा सुमारे ०.१५ मिलिरेडियनने वळते, म्हणजे २ मीटरवर ०.३ मिमी. एकदा बसवलेला ॲक्सिकॉन हलवला नाही तर याने काही बिघडत नाही, कारण आपल्याला एक सरळ रेषा हवी असते, अमुकच रेषा नको असते. पण स्वच्छ करायला काढून परत बसवला, तर जुनी रेषा गेली असे समजावे.

अलाइनमेंटसाठी आमची पसंती ग्रेटिंगला आहे. काचेवर क्रोमची समान अंतरावरची समकेंद्री वर्तुळे, म्हणजे फोटोमास्क (चिप छापायचे काचेचे साचे) बनवणारे नेहमी बनवतात तसलीच वस्तू. दोन वर्तुळांमधले अंतर १४० मायक्रॉन ठेवले तर कोन तरंगलांबी ÷ अंतर, म्हणजे ४.५ मिलिरेडियन, आपल्या ॲक्सिकॉनइतकाच येतो. आता गाभ्याच्या सूत्रात हा कोन घाला: तरंगलांबी वरून-खालून कटते आणि गाभ्याची त्रिज्या ०.३८३ × १४०, म्हणजे ५४ मायक्रॉन उरते. ग्रेटिंगच्या गाभ्याचा आकार रंगावर अवलंबूनच नाही! त्यामुळे एकाच तरंगलांबीचा लेसर हवा असेही नाही. एकमोड फायबरमधून (अतिशय बारीक गाभ्याच्या प्रकाशतंतूतून) आलेला सुपरल्युमिनेसंट डायोडचा, म्हणजे रुंद वर्णपटाच्या स्रोताचा, प्रकाशही चालतो, आणि लेसरमध्ये काचेच्या दोन पृष्ठांमुळे उमटणारे नकोसे पट्टे त्यात विरून जातात. स्रोत मात्र बिंदूसारखा असलाच पाहिजे, त्यात सूट नाही.

क्रोमच्या ग्रेटिंगमध्ये निम्मी रेषा, निम्मी मोकळी जागा असेल तर आपल्या कामाच्या क्रमात, म्हणजे अक्षाकडे वळून गाभा घडवणाऱ्या भागात, १० टक्के प्रकाश जातो आणि सुमारे २५ टक्के सरळ आरपार जातो. तो सरळ प्रकाश पार्श्वभूमी उजळतो. कॅमेऱ्याला याची अडचण नसते, डोळ्यांना असते. समांतर प्रकाश वापरत असाल तर क्रोमची बाजू बाहेर, म्हणजे भिंगांच्या दिशेने ठेवा. मग काचेची पाटी थोडी कलली तरी रेषा सरकत नाही.

फोटोमास्क मिळत नसेल तर छपाईच्या फिल्मवरही काम निघते. ३६०० डीपीआयच्या (इंचाला ३६०० ठिपके) फिल्मवर एक ठिपका सुमारे ७ मायक्रॉनचा असतो, म्हणून वर्तुळांतले अंतर ४०० मायक्रॉनच्या आसपास ठेवा. गाभ्याची त्रिज्या मग १५३ मायक्रॉन होईल. फिल्मची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि त्याने गाभा विस्कटतो. त्यासाठी फिल्म दोन सपाट काचांमध्ये, फिल्मच्या जवळपास अपवर्तनांक असलेल्या तेलात दाबून बसवा. हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका.

प्रश्न: नळीत तीन भिंगे बसवायची आहेत. बेसल झोत वापरून पायरीपायरीने कसे करावे? नाभीय अंतरे ८० ते १५० मिमी आहेत.

आधी रेषा, मग भिंगे. हा क्रम उलटला की दिवस वाया जातो.

लेसर एकमोड फायबरमधून आणा, समांतर करा आणि ॲक्सिकॉन किंवा ग्रेटिंगवर सोडा. पहिल्या भिंगाची जागा ॲक्सिकॉनपासून किमान ६०० मिमीवर ठेवा. हे अंतर चैनीचे नाही. भिंगानंतर, नाभीच्या पलीकडे गाभा घडतो तो भिंगाच्या बराच आधी अक्ष ओलांडून गेलेल्या किरणांपासून. ॲक्सिकॉनला चिकटून भिंग ठेवले तर ते किरण तिथे नसतातच. मग भिंगापलीकडे गाभा का दिसत नाही हे शोधण्यात वेळ जातो.

नळी फिरत्या टेबलावर उभी किंवा आडवी बसवा आणि झोत तिच्या मधून जाऊ द्या. नळीत अजून काहीही नको. कॅमेऱ्यावर गाभ्याची जागा नोंदवा. टेबल फिरवून पाहा: नळी रिकामी असताना गाभा हलता कामा नये. हलला तर नळी किंवा तिचा धारक कुठेतरी झोताला स्पर्श करतो आहे, किंवा टेबल फिरताना सगळा पायाच डुगडुगतो आहे. आता टेबलाचा अक्ष झोताशी जुळवा. नळीच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी बारीक छिद्राची चकती ठेवून फिरवा आणि दोन्ही छिद्रे झोतावर स्थिर राहेपर्यंत टेबलाचा कल आणि जागा सुधारा. वरचे छिद्र जागेच्या स्क्रूने, खालचे कलाच्या स्क्रूने किंवा उलट, पण एका छिद्राला एकच स्क्रू ठेवा. चार-पाच फेऱ्यांत जुळते.

पहिले भिंग ठेवा. भिंगाचे केंद्र अक्षापासून सरकले असेल तर गाभा (सरकलेले अंतर ÷ नाभीय अंतर) एवढ्या कोनात वळतो. १०० मिमी नाभीचे भिंग १० मायक्रॉन सरकले असेल आणि कॅमेरा भिंगापासून २०० मिमीवर असेल, तर गाभा २० मायक्रॉन हलतो. ३.४५ मायक्रॉनच्या पिक्सेलवर हे सहा पिक्सेल झाले. टेबल फिरवले की गाभा २० मायक्रॉन त्रिज्येचे वर्तुळ काढतो. भिंग सरकवत हे वर्तुळ एका बिंदूत मिटवायचे. फिरवून मोजण्याचा मोठा गुण हा की झोत किंचित तिरका असला तरी वर्तुळाची त्रिज्या भिंगाचाच दोष दाखवते.

कॅमेरा किती दूर ठेवावा, यात पुष्कळांची चूक होते. दूर नेला की गाभा जास्त सरकतो, म्हणून अचूकता वाढेल असे वाटते. पण भिंगानंतर गाभ्याचा आकारही बदलतो. तो (अंतर ÷ नाभीय अंतर) वजा १ या पटीने होतो. १०० मिमीच्या भिंगामागे २०० मिमीवर तो मूळ आकाराचा, म्हणजे ५४ मायक्रॉन त्रिज्येचा असतो, आणि ५०० मिमीवर चौपट. सरकणे आणि फुगणे बरोबरीने वाढतात, प्रकाश मात्र पातळ होत जातो. नाभीय अंतराच्या दुप्पट ते तिप्पट अंतर पुरेसे आहे. ऐन नाभीवर कॅमेरा ठेवू नका. तिथे गाभा नाहीसा होऊन त्याजागी एकच बारीक कडे दिसते, त्रिज्या ०.४५ मिमी. भिंग बिघडले की काय असे वाटते, पण तसे काही नसते.

आता कल. आरपार जाणाऱ्या झोतात भिंगाचा कल जवळपास दिसत नाही, कारण पातळ भिंग त्याच्या मध्याभोवती कलले तरी गाभा वळत नाही. केंद्र आणि कल दोन्ही हवे असतील तर परावर्तित गाभे पाहावे लागतात. ॲक्सिकॉन आणि भिंग यांच्यामध्ये झोत-विभाजक ठेवा आणि दुसरा कॅमेरा बाजूला लावा. प्रत्येक पृष्ठ म्हणजे एक आरसा. त्याचे वक्रताकेंद्र, म्हणजे ते पृष्ठ ज्या गोलाचा भाग आहे त्याचे केंद्र, अक्षापासून सरकले असेल तर परतीचा गाभा २ × सरकलेले अंतर ÷ वक्रतात्रिज्या एवढ्या कोनात वळतो. ५० मिमी त्रिज्येच्या बाह्यवक्र पृष्ठाचे केंद्र १० मायक्रॉन सरकले असेल तर ३०० मिमीवर ते १२० मायक्रॉन दिसते. मात्र तिथे गाभाही तेरापट फुगलेला, जवळपास १.४ मिमी व्यासाचा असतो आणि मंदही. म्हणून उघडझाप वेळ वाढवावी लागते.

दोन पृष्ठांचे दोन गाभे एकदम दिसतात. कोणता कोणाचा हे गाभ्याच्या आकारावरून ओळखा. वक्रतात्रिज्या माहीत असतात, तेव्हा अपेक्षित आकार आधीच काढून कागदावर लिहून ठेवा. मागच्या पृष्ठाचा प्रकाश पुढच्या पृष्ठातून दोनदा जातो, हे त्या हिशेबात धरायला विसरू नका. दोन्ही गाभे फिरवताना स्थिर झाले की भिंगाचा अक्ष टेबलाच्या अक्षावर आला.

चिकटवताना तीन ठिकाणी १२० अंशांवर अतिनील प्रकाशाने सुकणाऱ्या गोंदाचे थेंब द्या आणि तिन्हींवर आळीपाळीने थोडा थोडा प्रकाश टाका. एक थेंब पूर्ण सुकवून मग दुसऱ्याकडे वळलात, तर तो सुकताना आकसतो आणि भिंग आपल्याकडे ओढतो. अर्धवट सुकल्यावर एकदा फिरवून पाहा. तेव्हा सुधारता येते, नंतर नाही. मग दुसरे भिंग, मग तिसरे, प्रत्येक वेळी त्याच अक्षाशी. आधीच्या भिंगांमुळे गाभ्याचा आकार बदललेला असतो, म्हणून कॅमेऱ्याची जागा दर वेळी नव्याने ठरवावी लागेल.

प्रश्न: आमच्या ॲक्सिकॉनचा ठिपका गोल दिसत नाही, चार टोकांच्या चांदणीसारखा दिसतो. शिवाय कॅमेरा रुळावर पुढे नेताना गाभा उजळ-मंद होत राहतो.

ही दोन वेगळी दुखणी आहेत.

चांदणी म्हणजे तिरकेपणा. प्रकाश ॲक्सिकॉनवर सरळ न पडता कोनात पडतो, किंवा शंकूच मुळात किंचित लंबगोल घडला आहे. कॅमेरा झोताच्या दूरच्या टोकाला न्या, कारण तिथला प्रकाश ॲक्सिकॉनच्या बाहेरच्या भागातून येतो आणि दोष तिथे सर्वांत ठळक असतो. तिथे पाहत ॲक्सिकॉनचा कल दोन्ही दिशांनी सुधारा. चांदणी आकसत जाऊन गोल ठिपका आणि अखंड वलये दिसली की थांबा. कल कितीही बदलला तरी चांदणी राहिली आणि ॲक्सिकॉन अक्षाभोवती फिरवल्यावर तीही सोबत फिरली, तर दोष काचेत आहे. अशा ॲक्सिकॉनचा मधला चांगला भाग जवळच्या अंतरावर वापरता येतो, लांब पल्ल्याला तो उपयोगाचा नाही. भिंगे बसवल्यावर चांदणी पुन्हा उमटली तर मात्र ती मोलाची खूण समजा: एखादे भिंग बरेच कलले आहे.

उजळ-मंद होणे हे गोलसर टोकामुळे. टोक लहानशा भिंगासारखे वागते आणि त्याचा प्रकाश शंकूच्या प्रकाशात मिसळून अक्षावर लाटा उठवतो. टोकाचा गोलावा १ मिमी त्रिज्येपर्यंत असेल तर पहिले २२० मिमी सोडून द्या. टोकाचा प्रकाश मात्र पुढेही पोचतो, म्हणून तो अडवायला सपाट बाजूच्या मध्यावर २ मिमीचा काळा ठिपका लावा. त्याची कड मुद्दाम थोडी वाकडीतिकडी ठेवा. स्वच्छ गोल ठिपक्यामागे त्याचाच एक उजळ बिंदू तयार होतो आणि एक लाट घालवून दुसरी आणल्यासारखे होते. दूरच्या टोकालाही ॲक्सिकॉनची बाहेरची कड अशाच लाटा उठवते, तेव्हा हिशेबात आलेल्या २.६७ मीटरपैकी पहिले दोन मीटरच आपले समजा.

प्रश्न: १० मीटर अंतरावर दोन आरसे जुळवायचे आहेत. झोत अडीच मीटरवर संपतो. काही उपाय?

आहे, आणि सोपा आहे: समांतर करणारे भिंग काढून टाका. ग्रेटिंगवर समांतर प्रकाशाऐवजी थेट फायबरच्या टोकाचा पसरता प्रकाश पडू द्या. तेव्हा गाभ्याची रेषा फायबरचे टोक आणि ग्रेटिंगचे केंद्र, या दोन बिंदूंमधून जाते आणि तशीच सरळ पुढे जात राहते. गाभा आता पसरतो. तो १ + (पुढचे अंतर ÷ फायबरचे मागचे अंतर) या पटीने वाढतो. पण संपत मात्र नाही. ग्रेटिंगची त्रिज्या मागचे अंतर × कोन याहून मोठी असली म्हणजे झाले.

फायबर ग्रेटिंगच्या २.५ मीटर मागे ठेवा. लागणारी त्रिज्या ११.२५ मिमी, तुमच्याकडे १२ आहे. १० मीटरवर गाभ्याची त्रिज्या पाचपट, २७० मायक्रॉन. फायबर १ मीटरवर आणले तर ग्रेटिंग लहान चालते, पण गाभा अकरापट फुगतो आणि शिवाय फायबरचे टोक १ मायक्रॉन हलले तर १० मीटरवर रेषा १० मायक्रॉन हलते. २.५ मीटरवर तीच हालचाल ४ मायक्रॉन होते. फायबरचे टोक आणि ग्रेटिंग दोन्ही एकाच जड पायावर घट्ट बसवा. फायबर वळवणारा, ताणणारा कोणताही भाग त्या पायाच्या बाहेरच संपला पाहिजे.

प्रकाश बराच कमी पडेल, कारण फायबरचा शंकू रुंद असतो आणि त्याचा लहानसा भागच ग्रेटिंगवर पडतो. कागदावर गाभा दिसणार नाही, कॅमेऱ्यावर दिसेल.

खरा शत्रू हवा आहे. तापमान १ अंश सेल्सियसने वाढले तर हवेचा अपवर्तनांक सुमारे दहा लाखांत एकाने घटतो. झोताच्या आडव्या छेदात दर मीटरला १ अंशाचा फरक असेल, तर १० मीटरवर झोत जवळपास ५० मायक्रॉन वाकतो, नेहमी थंड हवेच्या बाजूला. २ मीटरवर तोच आकडा २ मायक्रॉन असतो. अंतराच्या वर्गाने वाढणारी ही चूक आहे. झोत ‘न पसरणारा’ असला म्हणून यातून सुटत नाही. थरथर ५०-१०० चित्रांची सरासरी घेऊन जाते, पण स्थिर वाक सरासरीने जात नाही. झोताला नळीत घाला, वातानुकूलन यंत्राचा झोत नळीवर येऊ देऊ नका, उष्णता देणारी उपकरणे नळीखालून हलवा आणि सगळे शांत झाल्यावर मोजा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या सुमारे ३ किलोमीटर लांबीच्या रेषीय कणत्वरकाची अलाइनमेंट १९६० च्या दशकात लेसर आणि फ्रेनेल झोन-प्लेट (विवर्तनाने प्रकाश एकत्र आणणारी जाळीदार पाटी) वापरून केली गेली, तेव्हा प्रकाशाचा मार्ग निर्वात केलेल्या सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून नेला होता.

दोन आरशांसाठी रीत नेहमीचीच: जवळच्या खुणेवर गाभा पहिल्या आरशाने आणायचा, दूरच्या खुणेवर दुसऱ्याने, आणि दोन्ही खुणा जुळेपर्यंत आलटून-पालटून. इथे एक सोय मिळते. जवळची खूण काढावी लागत नाही. झोतात ठेवलेल्या १ मिमी व्यासाच्या ठिपक्यामागे (ॲक्सिकॉनवर समांतर प्रकाश असताना) ११० मिमीपर्यंतच सावली असते, त्यापुढे गाभा पुन्हा उभा राहतो.

प्रश्न: गाभ्याचा मध्य मोजताना तीव्रता कमी करायला फिल्टर बदलला की आकडा काही मायक्रॉनने बदलतो. कॅमेरा सदोष असेल का?

फिल्टर. त्याची दोन पृष्ठे समांतर नसतात आणि प्रत्येक फिल्टर झोत वेगळ्या कोनात वळवतो. कॅमेऱ्याच्या जवळ ठेवला तर परिणाम कमी होतो, पण उत्तम म्हणजे फिल्टर भिंगांच्या नंतर ठेवूच नका. प्रकाश फायबरमध्ये शिरण्याआधी कमी करा. तिथे फिल्टर बदलला तरी एकमोड फायबरच्या बाहेर येणारा प्रकाश त्याच बिंदूतून येतो.

गाभा कधीही पूर्ण पांढरा, म्हणजे संतृप्त होऊ देऊ नका. सर्वांत उजळ पिक्सेल कमाल आकड्याच्या ७०-८० टक्क्यांवर ठेवा. सेन्सरवरच्या काचेमुळे वलयांवर तिरके पट्टे दिसत असतील तर लेसरऐवजी रुंद वर्णपटाचा स्रोत वापरा. मध्य काढताना फक्त गाभ्याचा भारमध्य (उजळपणाच्या प्रमाणात काढलेली सरासरी जागा) घेण्यापेक्षा पाच-सहा वलयांसकट सममितीचे केंद्र शोधा, कारण वलयांतही तीच माहिती असते आणि एखादा धुळीचा कण सगळे बिघडवू शकत नाही.

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात ॲक्सिकॉनही नाही, ग्रेटिंगही नाही. विद्यार्थ्यांना हे दाखवता येईल का?

बेअरिंगची पोलादी गोळी आणा. १० मिमी व्यासाची गोळी स्वच्छ सपाट काचेवर इपॉक्सीच्या अगदी लहान थेंबाने चिकटवा (गोंद कडेबाहेर दिसता कामा नये) आणि ३० मिमी रुंद समांतर झोतात ठेवा. तिच्या सावलीच्या ऐन मध्यावर उजळ बिंदू दिसेल. १८१८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलच्या, प्रकाश म्हणजे लाटा असे सांगणाऱ्या तरंगसिद्धान्तावर आक्षेप म्हणून प्वासाँने सांगितलेला आणि अरागोने प्रयोगाने दाखवलेला हाच तो बिंदू. गोळीच्या कडेवरून वळलेला प्रकाश शंकूसारखाच अक्षावर जमतो, म्हणून हा बिंदूही बेसल झोताच्या गाभ्यासारखाच असतो. २ मीटरवर त्याची त्रिज्या ०.३८३ × तरंगलांबी × अंतर ÷ गोळीची त्रिज्या, म्हणजे ९७ मायक्रॉन. अंतरासोबत तो वाढत जातो, पण रेषा सरळच राहते.

नाण्यासारखी खडबडीत कडेची वस्तू का चालत नाही, हेही विद्यार्थ्यांना करून दाखवा. २ मीटरवर बिंदू स्वच्छ दिसायला कडेचा खडबडीतपणा ०.१३ मिमीहून बराच कमी हवा. बेअरिंगची गोळी याहून कितीतरी अधिक गोल असते. लेसर १ मिलिवॅटच्या आतला घ्या आणि झोताच्या रेषेत डोळा किंवा दुर्बीण कधीही लावू देऊ नका. गाभ्यात एक टक्का प्रकाश असतो हे खरे, पण भिंगातून गेल्यावर सगळी वलये एकत्र येऊ शकतात.

प्रश्न: अवरक्त प्रकाशासाठीची भिंगे लाल लेसरने जुळवता येतील का?

काच लाल प्रकाशाला पारदर्शक असेल तर येतील. गोलीय भिंगाचा अक्ष म्हणजे त्याच्या दोन वक्रताकेंद्रांना जोडणारी रेषा, आणि ती रंगावर अवलंबून नसते. गाभा किती वळतो याचा हिशेब मात्र लाल रंगातल्या नाभीय अंतराने करा. जर्मेनियम आणि सिलिकॉनमधून लाल प्रकाश जात नाही, तिथे पुढच्या पृष्ठाचा परावर्तित गाभाच काय तो मिळतो. मागच्या पृष्ठासाठी भिंग उलटून पुन्हा मोजा. मार्गात प्रिझम किंवा पाचरीसारखी खिडकी असेल तर लाल लेसरने आखलेली रेषा अवरक्त प्रकाशाची रेषा नसते. ती खिडकी काढून अलाइनमेंट करा आणि तिच्यामुळे येणारे वळण हिशेबाने जोडा.